आपला तो बाब्या

कॅनडातून आलेली एक बरणी वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. बरणीत काय होते ते विसरले गेले. कागद राहिला. त्यावर चार चौकटी होत्या. एक बाई ओट्याशी उभी होती, नवरा खुर्चीत होता, पोरे भांडत होती. भाषा परकी होती. बाईच्या कपाळावरच्या आठ्या ओळखीच्या होत्या.

त्या बाईचे नाव एली पॅटरसन. मालिकेचे नाव ‘फॉर बेटर ऑर फॉर वर्स’. ख्रिस्ती लग्नात वधूवर एकमेकांना बऱ्यावाईटात सोबत राहण्याचे वचन देतात, त्यातले हे शब्द. लिन जॉन्स्टन या कॅनडातल्या चित्रकर्तीने १९७९च्या सप्टेंबरात ही मालिका सुरू केली. ऑन्टारिओ प्रांतातले मिलबरो हे कल्पित गाव, दंतवैद्य नवरा, वैतागलेली बायको, मायकेल आणि एलिझाबेथ ही दोन मुले, एक केसाळ कुत्रा. पुढे दोन हजारांहून अधिक वृत्तपत्रे ती छापू लागली. अमेरिकी व्यंगचित्रकारांचा सर्वांत मोठा मान म्हणजे रूबेन पुरस्कार. १९८५चा तो पुरस्कार जॉन्स्टनला मिळाला. त्याआधी तो कोणा स्त्रीला मिळालेला नव्हता.

याच मालिकेतल्या माणसांचा तिच्या वाचकांनी पुढे जितका राग केला, तितका क्वचितच कोणा कागदी माणसांचा झाला असेल.

मालिकेपूर्वीची एक गोष्ट. जॉन्स्टन हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात वैद्यकीय चित्रे काढत असे. तिला दिवस गेले. तपासणीच्या टेबलावर उताण्या पडलेल्या बाईला छताकडे बघण्यावाचून काम नसते. डॉक्टरांनी तिला त्या छतासाठी चित्रे काढायला सांगितले. गर्भारपणाची ती विनोदी चित्रे तिथे लागली. त्यांचेच पुढे पहिले पुस्तक झाले.

विनोदाची जागा बहुतेक तीच असते. माणूस आडवा असतो, त्याच्या हातात काही नसते, आणि वर कोणीतरी काहीतरी चिकटवून ठेवलेले असते.

पात्रांना तिने घरच्यांचीच नावे दिली. नवऱ्याचे आणि दोन्ही मुलांचे रोजचे नाव बाजूला ठेवून त्यांचे दुसरे नाव घेतले. खरा नवरा दंतवैद्य होता. कागदावरचाही दंतवैद्य झाला. एवढा पडदा तिला पुरेसा वाटला. घरात राहणाऱ्याला तो नेहमीच पुरेसा वाटतो. पाहुण्याची नजर मात्र आधी जळमटांकडे जाते.

चित्रमालिकेतली माणसे सहसा म्हातारी होत नाहीत. हा त्यांचा मोठा आधार असतो. चार्ली ब्राउन १९५०च्या ऑक्टोबरात आला आणि २०००च्या फेब्रुवारीत थांबला. एवढ्या काळात तो कितीदा तरी चेंडूला लाथ मारायला धावला, आणि लुसीने ऐनवेळी चेंडू उचलून घेतला. लुसी खोटे बोलते, फसवते, वर उपदेश करते. तिच्यावर कोणी रागावले नाही. तिचे वय थांबलेले होते. चाळिशीची लुसी हेच करत राहिली असती, तर तिच्याशी बोलणे लोकांनी सोडले असते.

आपला चिंटू १९९१ पासून शाळकरीच आहे. त्याच्याकडून त्यामुळे कसलाही हिशेब मागता येत नाही. त्याने पंचविशी गाठली असती आणि तरीही अभ्यास टाळला असता, तर महाराष्ट्राने त्याची नोकरी, पगार आणि लग्न यांची चौकशी केली असती. प्रेम करणारी माणसेच ती चौकशी करतात.

‘ब्लाँडी’ १९३०ची. तिच्या मुलांना थोडे वाढू दिले गेले. ती किशोरवयात आली आणि तिथेच ठेवली गेली. धोका कुठे सुरू होतो हे चित्रकाराला ठाऊक असावे.

जॉन्स्टनने तो धोका पत्करला. तिची माणसे वाचकांच्या बरोबरीने म्हातारी होत गेली. वर्तमानपत्रात एक वर्ष गेले की मायकेल एका वर्षाने वाढे. एलिझाबेथ लंगोटातून शाळेत गेली, शाळेतून कॉलेजात. असे करणारी ती पहिली नव्हती. ‘गॅसोलीन ॲली’ या मालिकेत १९२१ साली दाराशी ठेवलेले एक तान्हे मूल सापडले, आणि ते पुढे वाढत वाढत आजोबा झाले. पण जॉन्स्टनची माणसे अधिक जवळची होती. त्यांच्या घरात भांडी घासून व्हायची होती, धुणे पडलेले होते, आणि कोणालातरी खोकला होता.

वय वाढले की दोषाचे नाव बदलते. सहाव्या वर्षी मायकेल बहिणीला चिडवतो. त्याला खोडी म्हणतात. तिशीत तो स्वतःवर खूश असतो. त्याला स्वभाव म्हणतात. रेघ तीच असते, दौतही तीच. मधली वर्षे तेवढी गेलेली असतात.

मायकेल लेखक झाला. २००६ साली तो राहत होता त्या इमारतीला आग लागली. बायको आणि दोन लहान मुले बाहेर आली. मग मायकेल पुन्हा आत धावला. कादंबरी ज्या लॅपटॉपमध्ये होती तो आणायला. तो सुखरूप परतला. कादंबरी स्वीकारली गेली. कथेत या धावण्याचे कौतुक झाले.

वाचक खवळले.

हा राग पाहण्यासारखा आहे. जळत्या घरात वस्तूसाठी शिरणारी माणसे सगळ्यांनी पाहिलेली असतात. कोणी दागिन्यांसाठी जातो, कोणी कागदपत्रांसाठी. नंतर घरची माणसे त्याला शिव्या देतात, तो मान खाली घालतो, आणि प्रकरण मिटते. मायकेलला कोणी शिव्या दिल्या नाहीत. म्हणून ते काम वाचकांनी अंगावर घेतले.

साहित्यात मूर्खपणा चालतो. लबाडी चालते. खून तर फारच चालतो. लेखकाला तो खून वाटला पाहिजे एवढीच अट असते. लेखक जिथे डोळे मिटतो तिथे वाचकाचे उघडतात.

आपल्याकडे यासाठी सहा शब्द आहेत आणि ते कोणत्याही समीक्षेपेक्षा जुने आहेत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. जॉन्स्टनने मायकेल काढला तो बाब्या म्हणून. वाचकांना दिसत होते ते कार्टं. या दोन शब्दांमधल्या अंतरात अनेक कादंबऱ्या पडून आहेत.

आणि अनेक घरे.

एका दारुड्याचे उदाहरण इथे उपयोगी पडते. अँडी कॅप हा इंग्लंडच्या उत्तरेकडचा. रेज स्माइद या चित्रकाराने तो १९५७ साली जन्माला घातला. अँडी काम करत नाही. पितो, जुगार खेळतो, सोफ्यावर लोळतो, टोपी डोळ्यांवरून वर घेत नाही. सुरुवातीच्या वर्षांत तो बायकोवर हातही उगारी. पुढे ते गुपचूप थांबले. पुढे कधीतरी त्याच्या ओठांतली सिगारेटही गेली. बाकीचे दुर्गुण शाबूत राहिले. २००७ साली हार्टलपूल या गावात, स्माइदच्या जन्मगावी, अँडीचा काशाचा पुतळा उभा राहिला.

त्याच सुमारास अटलांटिकच्या पलीकडे जॉन्स्टनच्या अँथनी केनची टवाळी शिगेला पोहोचली होती. अँथनी पीत नाही. नोकरी करतो, हिशेब चोख ठेवतो, मुलीला सांभाळतो, आवाज चढवत नाही. तो मिशी ठेवतो, हा एकच त्याचा उघड दुर्गुण. एलिझाबेथ त्याला शाळेपासून ओळखते. तिचे त्याच्याशी लग्न व्हावे अशी चित्रकर्तीची इच्छा. मालिकेतल्या सगळ्यांचीही तीच. वाचकांची नव्हती.

आळशी दारुड्याला पुतळा मिळतो आणि निर्व्यसनी हिशेबनिसाला चेष्टा. यात अन्याय दिसतो. नीट पाहिले तर दिसत नाही. अँडीला आपण चांगले आहोत असे कोणी सांगितलेले नाही. अँथनीला सगळे तेच सांगत असतात.

अँथनीचे आधी एक लग्न झालेले होते. बायकोचे नाव तेरेझ. मूल हवे होते ते अँथनीला. मूल झाले. तेरेझ कामावर परतली. मालिकेने तिला थंड, तुटक, महत्त्वाकांक्षी दाखवले. तिच्या भुवया सरळ कधी आल्याच नाहीत. इकडे संसार चालू असतानाच अँथनीने एलिझाबेथकडे आपले मन मोकळे केले, तेही तिच्यावरचा एक हल्ला नुकताच टळला होता अशा संध्याकाळी. मालिकेने त्याचे डोळे पाणावलेले काढले.

वाचक तेरेझच्या बाजूला गेले. तिला फारशी वाक्ये दिलेली नव्हती. न दिलेली वाक्ये वाचकांनी स्वतः भरली.

हे घरातही होते. थोरली जाऊ सगळ्यांसमोर धाकटीविषयी सारखे वाईट बोलू लागली की ऐकणारा हळूहळू धाकटीकडे सरकतो. धाकटी काय करते हे त्याला ठाऊक नसते. थोरली काय करते आहे हे त्याच्या समोर चाललेले असते. खलनायक घडवताना हात जास्त दाबला की रेघ उलट बाजूने उमटते.

एलिझाबेथ दूर उत्तरेला एका वस्तीत शिकवायला गेली होती. म्टिगवाकी हे त्या वस्तीचे नाव. गाव कल्पित, तिथले ओजिब्वे लोक खरे. तिथे तिला काम होते, मान होता, पोलिसातला एक चांगला तरुण होता. ती परत आली. आईच्या गावी, आईच्या ओळखीच्या मुलाकडे. मालिकेने याला घरी येणे म्हटले. पुष्कळ वाचकांनी याला दुसरे नाव दिले. त्यांतल्या काहींनी स्वतः असेच परत येऊन संसार थाटलेला असणार. काहींनी परत न जाण्याची किंमत दिलेली असणार. दोघांनाही एलिझाबेथचा राग यायला कारण होते.

पात्राला नावे ठेवणे ही मोठी सोय आहे. मेहुण्याविषयी जेवणाच्या पंगतीत बोलता येत नाही. आईविषयी तर कुठेच नाही. एली पॅटरसनविषयी सकाळच्या चहाबरोबर सगळे बोलता येते. ती उसासे टाकते, मदत मागत नाही, आणि मदत केली नाही म्हणून दिवसभर कपाट आपटते. मुलीच्या लग्नात मन घालते. मुलाला झुकते माप देते. हे सगळे बोलून झाल्यावर माणूस उठतो, हात धुतो आणि आईला फोन करतो. फोनवर तो फार चांगला वागतो.

एलीचे दोष कागदाबाहेरचे होते, म्हणून ते लागले. शेरलॉक होम्सने कोकेन घेतले तर कोणाच्या घरात काही हलत नाही. एलीने सुनेच्या भांड्यांकडे एक नजर टाकली तरी हजार घरांतली भांडी वाजतात.

टीकाकारांपैकी पुष्कळ जण रोज वाचणारे होते. हे विसरण्यासारखे नाही. ज्याला मालिका आवडत नव्हती तो पान उलटून शब्दकोड्याकडे गेला. शिव्या देणाऱ्याला तारखा पाठ होत्या. मायकेल कोणत्या वर्षी काय बोलला आणि आज त्याच्या उलट काय बोलतो आहे, हे त्याला चित्रकर्तीपेक्षा जास्त आठवत होते. इतकी आठवण माणूस शत्रूची ठेवत नाही. शत्रूला विसरता येते. वीस वर्षे ज्याच्याबरोबर चहा घेतला, त्याचे बिघडणे विसरता येत नाही.

लग्न मोडल्यावर राहिलेल्या माणसाची स्मरणशक्ती अशीच तीक्ष्ण होते.

राग नेहमीच एका दर्जाचा नव्हता. १९९३ साली मायकेलचा मित्र लॉरेन्स याने आपण समलिंगी असल्याचे सांगितले. आधी मित्राला, मग आईला. आईला ते पटेना. सावत्र बापाने घराबाहेर काढले. मग त्याचा शोध सुरू झाला. चित्रे साधी होती. संवाद थोडे होते. काही वृत्तपत्रांनी त्या आठवड्यांत जुनी चित्रे छापून वेळ मारून नेली. काहींनी मालिकाच बंद केली. पत्रांचे ढीग आले. त्यांत शाप होते. आपल्याच घरातली गोष्ट छापून आली म्हणून रडलेल्या माणसांचीही पत्रे होती.

तेव्हा चिडले ते पात्राच्या असण्यावर चिडले. पुढे चिडले ते पात्राच्या वागण्यावर. पहिल्या रागाला चित्रकर्ती पुरून उरली. दुसरा तिला बहुधा पहिल्यासारखाच वाटला. ज्याने एकदा अन्याय्य टीका सोसली आहे, त्याला न्याय्य टीका ओळखणे कठीण जाते. आवाज सारखाच येतो.

१९९५च्या एप्रिलमध्ये कुत्रा गेला. पॅटरसनांची धाकटी मुलगी एप्रिल, वय चार, फुगलेल्या ओढ्यात पडली. म्हाताऱ्या फार्लीने उडी घेतली. मुलगी वाचली. फार्लीचे हृदय थांबले. कारण सरळ होते. माणसे वाढतात त्या मालिकेत कुत्राही वाढतो, आणि कुत्र्याचे आयुष्य लहान.

जॉन्स्टनने ही कल्पना आधी चार्ली ब्राउनच्या चित्रकाराला, चार्ल्स शुल्झला सांगितली होती. तो हादरला. कुत्र्याला मारू नकोस म्हणाला. मारलेस तर मी त्याच आठवड्यात माझ्या कुत्र्याला, स्नूपीला ट्रकखाली घालीन, मग सगळे जग त्याच्याकडे बघेल, तुझ्या कुत्र्याकडे कोणी बघणार नाही, अशी धमकी त्याने दिली. तिने पुढे त्याला तारीख कळवली नाही.

शुल्झची गंमत खरी होती आणि भीतीही. त्याने आपल्या जगात घड्याळ लावलेच नव्हते. जो घड्याळ लावत नाही त्याला मरण टाळता येते, पण त्याच्या मुलांना कधी शाळेचा शेवटचा दिवस लाभत नाही.

फार्लीसाठी लोक रडले आणि चिडले. त्याचे दोष मात्र कोणी काढले नाहीत. तो घाण करत असे, सोफा फाडत असे, ताटातले पळवत असे. कुत्र्याला स्वतःविषयी मत नसते. दोषी असून निर्दोष राहण्याचा हा एकच मार्ग दिसतो.

एप्रिलविषयी थोडे जास्त लिहायला हवे.

थोरली दोन मुले खऱ्या मुलांवरून आलेली. एप्रिल कोणावरून आली नाही. चित्रकर्तीला आणखी एक मूल हवे होते. ते तिने १९९१ साली कागदावर जन्माला घातले. पॅटरसनांच्या घरातली ती एकटी, जिच्यामागे कोणी माणूस उभा नव्हता. तिच्यासाठी झुकते माप कुठून येणार? घरात ती उशिरा आलेली, म्हणून सगळ्यांना थोडी जास्तीची. भाऊ आग लागल्यावर बायकोमुलांसह त्याच घरात राहायला आला. नंतर आईबापांनी लहान घर घेतले आणि जुने घर भावाकडे गेले. एप्रिल तेव्हा शाळेत होती. ज्या घरात ती वाढत होती ते तिच्या वाढण्याआधीच संपले. ती कुरकुरली. कुरकुर स्वार्थी ठरवली गेली.

वाचकांनी तिची बाजू घेतली. तावातावाने घेतली. जणू त्यांच्याच घरात कोणाची तरी खोली न विचारता दुसऱ्याला दिली गेली होती. बऱ्याच घरांत दिली गेलेली असतेच. खोली देताना सगळ्यांचा नाइलाज असतो. पंचवीस वर्षांनी जिची खोली गेली तिला कपाटाचा रंगही आठवतो. देणाऱ्याला कपाट होते हेही आठवत नाही.

मोठ्या माणसांचे दोष लहानांच्या आठवणीत राहतात. त्यांची नोंदवही तीच. दुसरी प्रत कुठे नसते.

मालिकेच्या शेवटी कोणाचे पुढे काय झाले हे सांगितले गेले. एप्रिल पशुवैद्य झाली आणि काम करायला पश्चिमेला आल्बर्टात गेली. ती एकटीच दूर गेली. टीकाकारांना एवढे एक पान मान्य झाले असावे.

शेवटच्या वर्षांतली एक गोष्ट टीका करणाऱ्यांना अवघड गेली असणार. २००७ साली चित्रकर्तीचा खरा संसार मोडला. दंतवैद्य नवरा घर सोडून गेला. कागदावरचा दंतवैद्य कुठेही गेला नाही. तो खुर्चीत बसून राहिला, खेळण्यातल्या आगगाड्या जुळवत राहिला, बायकोच्या विनोदांवर डोळे फिरवत राहिला. २००८च्या ऑगस्टमध्ये एलिझाबेथचे अँथनीशी लग्न झाले. नवरी लग्नाच्या वेषात आजोबांना भेटायला इस्पितळात गेली. सगळे एकत्र आले. सगळे रडले.

हे कळल्यावर ती गोड चित्रे पुन्हा पाहिली. ती तेवढीच वाईट होती. फक्त त्यांच्याकडे बघणे कठीण झाले होते.

कलाकृतीचा दोष दुःखाने धुतला जात नाही. अँथनी अँथनीच राहतो. पण आपण ज्याला खोटेपणा म्हणत होतो तो कोणाचा तरी हट्ट होता, हे एकदा दिसले की टीकेचा सूर खाली येतो. मजकूर बदलत नाही. बाब्याला बाब्या म्हणणाऱ्या आईकडे दुसरे काय उरले होते, हा प्रश्न कार्टं म्हणणाऱ्याला पडत नाही. तो त्याच्या कामाचा भागही नाही.

तरीही काही टीकाकार बोलायचे थांबले असतील. काही नसतील. जे थांबले नाहीत ते क्रूर होते असे म्हणता येत नाही. त्यांनी मालिका मालिका म्हणून वाचली. जे थांबले त्यांनी ती घर म्हणून वाचली होती.

चांगला टीकाकार कोणता, हे ठरवणे सोपे नाही. पात्राचा दोष दाखवणारा पहिल्या पायरीवर असतो. लेखकाला तो दोष दिसत नाही हे दाखवणारा दुसरीवर. तो दोष पाहताना आपल्याला इतका राग का आला, हे स्वतःला विचारणारा फार वर कुठेतरी असतो. त्याचे लिहिलेले सहसा सापडत नाही. तो लिहीत नसावा.

दोष काढायला फार कष्ट पडत नाहीत. दोषासकट कोणाला तीस वर्षे रोज सकाळी घरात येऊ देणे कष्टाचे असते. वाचकांनी ते केले. जॉन्स्टनने तीस वर्षे त्यांच्या दारात यायचे थांबवले नाही. दोघांनी एकमेकांचे ऐकले नाही. बहुतेक लांबलेली नाती अशीच असतात.

मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. २००८च्या सप्टेंबरात, गोष्ट संपल्यावर, चित्रकर्तीने ती पुन्हा आरंभापासून सुरू केली. काही जुनी चित्रे, काही नव्याने काढलेली. मायकेल पुन्हा लहान झाला. एलिझाबेथ पुन्हा लंगोटात आली. फार्ली पुन्हा अंगणात धावू लागला. आग, मिशी, तेरेझ, इस्पितळ यांतले काहीच अजून झालेले नव्हते. २०१०च्या उन्हाळ्यानंतर नवे काढणे थांबले. तेव्हापासून जुनी चित्रे पुन्हा छापली जातात.

माणसाला ही सवलत नसते, हे कोणीही म्हणेल. वाचकाला ती नसते, हे कमी जण म्हणतात. मायकेल सहा वर्षांचा झाला, तरी त्याला पाहणारा साठीचाच राहिला. मायकेल बहिणीचे बाहुले लपवतो. नवा वाचक हसतो. जुना हसत नाही. त्याला धूर दिसतो.

जुन्या ओळखीच्या माणसाचे बालपणीचे छायाचित्र पाहताना हेच होते. पोरगे गोंडस असते. डोक्यावर तेल चोपडलेले असते. त्या चेहऱ्यात पुढचे काहीही शोधू नये असे वाटते, आणि डोळे तेच शोधत राहतात. कधी सापडतेही. हनुवटीत, किंवा हाताची मूठ ज्या तऱ्हेने धरलेली असते तिच्यात.

एलीच्या बाबतीत मात्र उलटे झाले. आरंभीची एली पाहिली की नंतरची थोडी कळते. दोन लहान मुले, घरात दिवसभर एकटी, नवरा संध्याकाळी दमून येतो आणि जेवायला काय आहे विचारतो. ती विनोद करते. कोणी हसत नाही. पुढे तिने पुस्तकांचे दुकान चालवले, घर बदलले, नातवंडे खेळवली. उसासा तिथलाच होता. तो तीस वर्षे आधी टाकलेला होता आणि वेळेवर कोणी ऐकला नव्हता.

हे तिचे समर्थन नाही. सुनेच्या भांड्यांकडे तिने तसे पाहायला नको होते.

बरणी कुठे गेली ते ठाऊक नाही. ती रिकामी परत करू नये म्हणून तीत काहीतरी भरले होते, एवढे नक्की. कागद एका जाड पुस्तकात आहे. कडा पिवळ्या झाल्या आहेत, घडीवर शाई गेली आहे, नवऱ्याचा चेहरा त्या घडीत अर्धा गेला आहे. बाई ओट्याशी उभी आहे. तिच्या कपाळावर तीन आठ्या आहेत.